तहान नसताना पिणारा उंदीर

शीव स्थानकात गाडी दहा मिनिटे उशिरा आहे असे कळले, की फलाटावरच्या मंडळींकडे जरा लक्ष द्यावे. कोणी चहा घेतो, कोणी शेंगदाण्याची पुडी सोडतो, कोणी पिशवीतली बाटली काढून उगीच दोन घोट पाणी पितो. त्याला तहान लागलेली असतेच असे नाही. वाट पाहतानाच्या अशा वागण्याचा एक चमत्कारिक नमुना प्रयोगशाळेतल्या उंदरात सापडला.

प्रयोगशाळा आणि उंदीर म्हटले की मुंबईकराला परळची हाफकिन संस्था आणि प्लेग आठवतो. आपल्या गोष्टीतला उंदीर मात्र ठणठणीत होता. कोडे होते ते हेच.

१९६१ साली जॉन फाल्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने काही उंदरांना कमी अन्न देऊन त्यांचे वजन मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर आणले. पिंजऱ्यातली कळ दाबली की सरासरी मिनिटाला एकदा ४५ मिलिग्रॅमची खाद्याची गोळी मिळे. पाण्याची बाटली शेजारीच होती. पाण्यावर कसलेच बंधन नव्हते. एरवी हे उंदीर दिवसभरात सुमारे २७ मिलिलिटर पाणी पीत. इथे तीन तासांत ते सरासरी ९० मिलिलिटर पिऊ लागले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे! साठ किलो वजनाच्या माणसाने दुपारभरात तीस लिटर पाणी प्यावे, तसा हा प्रकार. आधीच उपाशी असलेल्या प्राण्याने एवढे थंड पाणी पोटात घेऊन ते शरीराच्या तापमानापर्यंत तापवायचे आणि बाहेर टाकायचे, हा ऊर्जेचा निव्वळ अपव्यय होता.

कोरड्या गोळीने तोंड सुकत असेल, ही पहिली शंका. पण तेवढ्याच गोळ्या एकदम पुढ्यात टाकल्या, तर उंदीर फारच थोडे पाणी पितो. मग दोष गोळीचा नव्हता, ती पुरवून पुरवून देण्याचा होता. दोन गोळ्यांमधले अंतर वाढवत नेले तसे पिणेही दोन-तीन मिनिटांच्या अंतरापर्यंत वाढत गेले. त्यापुढे ते उतरले. शिवाय उंदीर बाटलीकडे वळतो तो बहुतेक गोळी खाऊन झाल्याबरोबर. अशा वर्तनाला फाल्कने पुढे ‘आनुषंगिक वर्तन’ म्हटले.

आता खरा वाद सुरू झाला. हे पिणे डोळ्यांच्या उघडझापीसारखे आपोआप घडणारे, की परिणाम पाहून बदलणारे? पाणी प्याल्याने गोळी लवकर मिळत नाही, म्हणजे पिण्याला बक्षीस नाही. तेव्हा उलट बाजूने पाहायचे ठरले: पिण्याला शिक्षा जोडली तर? १९७४ मध्ये फ्लोरी आणि लिकफेट यांनी बाटली चाटली की अन्नाचा क्रम काही काळ थांबवला; पिणे घटले. १९७५ मध्ये गॅलँटोविच आणि किंग यांनी प्रत्येक चाटण्याला पायाखालच्या जाळीतून विजेचा झटका जोडला. झटका जितका तीव्र, तितके पिणे कमी.

वर्ग बडबडा आहे म्हणून छडी शोधणाऱ्या शिक्षकमित्रांनी इथे थोडे थांबावे. झटक्याने पिणे कमी झाले एवढ्यावरून फारसे सिद्ध होत नाही. घाबरलेला उंदीर सगळेच कमी करतो. अन्न लांबवण्याच्या प्रयोगातही गोम आहेच: गोळ्यांमधले अंतर बदलले की पिणे आपोआपच बदलते, हे आपण वर पाहिले.

ही गाठ १९८७ मध्ये रिकार्डो पेयोन आणि वेल्समधल्या कार्डिफचे डेरेक ब्लॅकमन यांनी सोडवली. त्यांनी विजेचा वापर केलाच नाही. एका उंदराने बाटली चाटली की त्याची पुढची गोळी दहा सेकंद लांबे. त्याच्या जोडीच्या उंदराला गोळी त्याच क्षणी मिळे, पण ती त्याच्या स्वतःच्या चाटण्यामुळे लांबत नसे. दोघांचे वेळापत्रक तेच, भूक तीच. पहिल्याचे पिणे घटले, जोडीदाराचे तितके घटले नाही. अट काढून टाकल्यावर पहिल्याचे पिणे पुन्हा वाढले. म्हणजे बदल घडवला तो भीतीने नव्हे, की गोळ्यांच्या अंतरानेही नव्हे. चाटणे आणि त्याचा परिणाम यांच्यातल्या संबंधाने. मला हा प्रयोग झटक्याच्या प्रयोगापेक्षा कितीतरी सरस वाटतो, आणि तो केवळ दयेपोटी नव्हे. (प्राण्यांवरील प्रयोगांना आपल्याकडे १९६० च्या कायद्याची चौकट आहे. शाळेत यातले काहीही करून पाहू नये.)

अट उठताच पिणे परत आले, कारण उंदीर भुकेला होता आणि गोळ्या अजूनही हप्त्यानेच येत होत्या. हे किती गंभीर ठरू शकते ते फाल्क, सॅमसन आणि विंगर यांनी १९७२ मध्येच दाखवले होते. त्यांनी बाटलीत पाण्याऐवजी पातळ केलेले अल्कोहोल ठेवले. एरवी उंदीर असे अल्कोहोल फार पीत नाही. पण गोळ्या दर दोन मिनिटांनी येऊ लागल्या, तसा तो पीत गेला. काही महिन्यांत त्याचे शरीर अल्कोहोलवर अवलंबून राहू लागले. मग अल्कोहोल काढून घेतले, तेव्हा उंदरांना झटके आले.