दिनविशेष : २९ जून १९६६ – रसायनशास्त्र सर्वांच्या दप्तरात

भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये आजच्या दिवशी आपला अहवाल केंद्रीय शिक्षणमंत्री म. क. छागला यांना सादर केला. शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित प्रत्येक मुलामुलीला सक्तीचे असावे, ही त्यातली मोठी शिफारस. प्रयोगाविना विज्ञान शिकवणे व्यर्थ, हेही आयोगाने ठासून मांडले. सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, या अहवालामागचे त्यांचे कष्ट महाराष्ट्राने अधिक अभिमानाने सांगायला हवेत.

चिंचवडकरांना या शिफारशीचे मोल वेगळे सांगायला नको. शेजारच्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून बुरशीच्या किण्वनातून पेनिसिलिन तयार होत होते. कारखान्याच्या कुंपणाआत चाललेले रसायनशास्त्र कामगारांच्या मुलांना शाळेत कळावे, याची वाट या शिफारशीमुळे मोकळी झाली.

अंमल मात्र सावकाश झाला. महाराष्ट्रात दहा वर्षांच्या शालेय शिक्षणाच्या नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा १९७५ मध्ये झाली. त्याच वर्षी एनसीईआरटीने दहा वर्षांच्या शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला.