राल्फ मॉरिस : एका चिटणिसाची साक्ष

इतिहासाच्या साधनांतून राजे, मंत्री व धर्माधिकारी आपल्याशी बोलतात. परंतु त्यांचे बोलणे ज्याने टिपून ठेवले, त्याच्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस क्रॅनमर (१४८९–१५५६) याचा चिटणीस राल्फ मॉरिस हा असाच एक उपेक्षित साक्षीदार होय.

मॉरिस केंब्रिजचा पदवीधर. क्रॅनमर १५३३ मध्ये आर्चबिशप झाला. त्याच्या चाकरीत मॉरिसने सुमारे वीस वर्षे काढली. आपले ऐन तारुण्य राजसत्तेच्या व धर्मसुधारणेच्या समर्थनार्थ लेखणी झिजविण्यात गेले, असे त्याने पुढे राणी एलिझाबेथकडे केलेल्या अर्जात नमूद केले आहे.

ही लेखणी निर्धोक नव्हती. १५३९ साली ‘सहा कलमांचा कायदा’ संमत झाला. त्याविरुद्धचे क्रॅनमरचे आक्षेप राजासाठी लिहून काढलेली वही घेऊन मॉरिस टेम्स नदीतून होडीने निघाला होता. राजासमोर अस्वलाची झुंज चालू होती. सुटलेले अस्वल होडीवर चढले, होडी बुडाली आणि वही वाहत जाऊन अस्वलवाल्याच्या हाती पडली. तिच्यातील मजकूर लेखकास फासावर चढविण्यास पुरेसा होता. अस्वलवाला ती परत देईना. अखेर टॉमस क्रॉमवेलने ती त्याच्याकडून हिसकावून घेतली. राणी मेरीच्या कारकिर्दीत क्रॅनमरला जाळण्यात आले. मॉरिसच्या घराची झडती झाली, कागदपत्रे गेली व त्यालाही कैद भोगावी लागली. तीतून तो निसटला.

एलिझाबेथच्या काळी त्याने आर्चबिशप पार्करसाठी आपल्या धन्याच्या आठवणी लिहिल्या. जॉन फॉक्सने त्याच्याकडून मिळालेली माहिती आपल्या ग्रंथात घेतली. क्रॅनमरला कैद करण्याचा मंत्र्यांचा बेत राजाने आपली अंगठी देऊन कसा उधळला, ही कथा त्याच वाटेने १६१३ च्या ‘आठवा हेन्री’ या नाटकात शिरली. मॉरिसच्या आठवणी कॅमडेन सोसायटीने १८५९ मध्ये छापल्या.

या साक्षीचे मोल कसे ठरवावे? १५५६ मधील माघारीच्या कबुल्यांमुळे क्रॅनमरला भित्रा ठरविणाऱ्यांविरुद्ध मॉरिस हा मोठा आधार आहे. म्हणूनच येथे सावधगिरी अवश्य आहे. अंगठीच्या प्रसंगातील संभाषण राजा व आर्चबिशप या दोघांतले. ते चिटणिसाला फार तर धन्याच्या तोंडून कळले असेल, आणि कागदावर उतरले ते अनेक वर्षांनी. तेव्हा घटना ग्राह्य मानली तरी त्यातील वाक्ये क्रॅनमरच्या वा हेन्रीच्या भाषेचा नमुना म्हणून वापरणे अशास्त्रीय ठरेल; ती मॉरिसची भाषा होय. शिवाय तो निष्ठावंत सेवक होता आणि राजकृपेचा याचकही होता.

याउलट, सुखदुःखाची छटा क्रॅनमरच्या चेहऱ्यावर कधी दिसत नसे, मात्र विश्वासातल्या माणसांपाशी तो अश्रू ढाळी, हे मॉरिसचे कथन निराळ्या जातीचे आहे. दरबाराच्या कोणत्याही दप्तरात हे सापडणार नाही. ते जाणण्याचा अधिकार निकटच्या माणसाचाच. स्तुती करावयाची असती तर केवळ धैर्य वर्णिले असते. मॉरिसने अश्रूही नोंदविले. क्रॅनमरच्या अखेरच्या दिवसांतील डळमळीचा अर्थ लावताना ही नोंद वगळता येणार नाही.