गलाई : रवा पाडणे

सोन्या-चांदीची मोड आणि भेसळीचे दागिने वितळवून त्यांतून शुद्ध धातू काढण्याचा व्यवसाय म्हणजे गलाई. सांगली जिल्ह्यातील खानापूर व आटपाडी, सातारा जिल्ह्यातील माण व खटाव या दुष्काळी तालुक्यांतील असंख्य कुटुंबांनी तो पत्करला. पावसाने पाठ फिरवली की पोट भरण्यासाठी मुलूख सोडावा लागे. अशा रीतीने ही माणसे केरळ-तामिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंतच्या सराफ बाजारांत जाऊन स्थिरावली. विटा हे या व्यवसायाचे सर्वांत परिचित गाव.

या कामातला कळीचा टप्पा म्हणजे रवा पाडणे, म्हणजेच वितळलेल्या धातूचे पाण्यात बारीक दाणे करणे. सोने शुद्ध करताना त्यात आधी चांदी किंवा तांबे मिसळतात, ते इतके की सोने साधारण चौथा हिस्सा उरावे. सोन्याचे प्रमाण याहून फार जास्त राहिले तर नायट्रिक आम्ल, म्हणजे तेजाब, आतपर्यंत पोचत नाही आणि चांदी सोन्यातच कोंडून राहते.

मिश्रण मुशीत घालून वर टाकणखार टाकतात. चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते, सोने 1064 ला. रस पुरता पातळ झाला की सांडशीने मूस उचलून तो पाण्याच्या खोल भांड्यात बारीक धारेने सोडतात. दुसऱ्या हाताने पाणी फिरते ठेवतात. पृष्ठताणामुळे धार आपोआप तुटते आणि तुटलेला प्रत्येक भाग गोल होऊ पाहतो. द्रवाच्या धारेचे हे गणित लॉर्ड रेले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले : थेंबाचा व्यास धारेच्या व्यासाच्या जवळजवळ दुप्पट असतो. म्हणून धार जाड झाली की दाणाही जाड होतो. पाणी उथळ किंवा संथ असेल तर अर्धवट थिजलेले दाणे तळाशी एकमेकांना चिकटून ढेकूळ बनते आणि सारे पुन्हा भट्टीत घालावे लागते. दाणे अगदी गोल नसले तरी बिघडत नाही. उलट चपटा, वेडावाकडा रवा आम्लाला अधिक पृष्ठभाग देतो. ओल्या साच्यात किंवा ओल्या मुशीत मात्र रस कधीही ओतू नये. खाली अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो.

तेजाबात चांदी व तांबे विरघळतात आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. तेच सोने; धुऊन, वाळवून वितळवले की ते पिवळे होते. वरच्या द्रावात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की पाणी निळे पडत जाते आणि करड्या चांदीचा गाळ खाली बसतो.

तेजाबात धातू विरघळताना निघणारा तांबूस धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. तो फुप्फुसांना घातक असून त्याचा गंभीर परिणाम कधीकधी काही तासांनंतर दिसतो. सराफ बाजारातल्या अरुंद खोल्यांत या कारागिरांनी तो वर्षानुवर्षे सोसला आहे. धूर बाहेर खेचणारी बंदिस्त पेटी आणि तो क्षाराच्या द्रावातून धुऊन काढणारी सोय ही या धंद्यात भट्टीइतकीच आवश्यक साधने मानली पाहिजेत.