फिलाडेल्फियात ठरलेले, फिलाडेल्फियात राहून गेलेले

अमेरिकेची आजची राज्यघटना हा त्या देशाचा दुसरा प्रयत्न आहे. पहिला होता तेरा राज्यांनी आपसात केलेला महासंघाचा करार. 1781 मध्ये तो पूर्णपणे अमलात आला. त्यात राष्ट्राध्यक्ष नव्हता, राष्ट्रीय न्यायव्यवस्था नव्हती; होती ती एकच काँग्रेस आणि तिच्यात लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला एकेक मत. कर बसवण्याचा अधिकार काँग्रेसला नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागे आणि राज्ये जमेल तेवढे देत, अनेकदा देतही नसत. करारात बदल करायला तेराही राज्यांची संमती लागे, त्यामुळे आयात मालावर पाच टक्के जकात घेण्याची योजना एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने बारगळली. दूरच्या राजसत्तेचा जाच सोसलेल्या लोकांनी मध्यवर्ती सत्ता मुद्दाम दुबळी ठेवली होती.

या दुबळेपणाचे परिणाम 1786 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात दिसले. कर्ज आणि करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी जप्तीचे दावे चालू नयेत म्हणून न्यायालयेच बंद पाडली. त्यांचा एक म्होरक्या डॅनियल शेज स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन होता. जानेवारी 1787 मध्ये बंडखोर स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. काँग्रेसची तिजोरी रिकामी होती. बंड मोडायला निघालेल्या फौजेचा खर्च बोस्टनच्या धनिकांनी उचलला. मालमत्ताधारक वर्ग हादरला आणि करार सुधारण्याच्या मागणीला जोर चढला.

25 मे 1787 रोजी फिलाडेल्फियाच्या ज्या इमारतीत 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला होता, तिथेच परिषदेचे कामकाज सुरू झाले. बारा राज्यांचे 55 प्रतिनिधी वेगवेगळ्या वेळी हजर राहिले. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही. अध्यक्षस्थानी जॉर्ज वॉशिंग्टन होते. चर्चा गुप्त ठेवायची असे ठरले. आज ती तपशिलात कळते ती मुख्यतः व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसन यांनी रोज लिहिलेल्या टिपणांमुळे, आणि तीही 1840 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापली गेली.

परिषद बोलावली होती जुना करार सुधारायला. व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींनी पहिल्याच आठवड्यात तो बाजूला सारून नव्या शासनाचा आराखडा मांडला. प्रतिनिधित्व लोकसंख्येनुसार असावे, असे त्यात होते. न्यू जर्सीने उलट प्रत्येक राज्याला समान मत मागितले. भांडण खरोखर अवघड होते: 1790 च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या सुमारे 7 लाख 47 हजार भरली, तर डेलावेअरची जेमतेम 59 हजार. कनेक्टिकटच्या प्रतिनिधींनी सुचवलेला मार्ग 16 जुलैला अवघ्या एका मताच्या फरकाने मंजूर झाला. प्रतिनिधिगृहात लोकसंख्येनुसार जागा आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान, ही आजही चालू असलेली रचना त्या दिवसाची आहे.

सत्ता एका हाती एकवटू द्यायची नाही, हे परिषदेचे सर्वांत पक्के सूत्र. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांचा सत्ताविभाजनाचा पुरस्कार करणारा ग्रंथ प्रतिनिधींच्या परिचयाचा होता, पण त्यांनी सत्तेचे नुसते तीन वाटे केले नाहीत, प्रत्येकाचा पाय दुसऱ्यात अडकवून ठेवला. कायदा काँग्रेसने करायचा, राष्ट्राध्यक्षाला नकाराधिकार, आणि दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तो नकार मोडून काढायचा. सैन्याचा सेनापती राष्ट्राध्यक्ष, पण युद्ध पुकारणे आणि पैसा मंजूर करणे काँग्रेसच्या हाती. न्यायाधीश नेमायचे राष्ट्राध्यक्षाने, संमती द्यायची सिनेटने, आणि एकदा नेमल्यावर सद्वर्तन असेपर्यंत त्यांना हटवायचे नाही.

एवढ्या सावध माणसांनी गुलामगिरीपुढे मात्र मान तुकवली. प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरवताना गुलामांची तीन-पंचमांश संख्या धरली गेली, म्हणजे त्यांच्या नावावर मालकांच्या राज्यांचे बळ वाढले. गुलामांच्या आयातीवर 1808 पर्यंत बंदी घालायची नाही आणि पळून गेलेला गुलाम मालकाला परत करायचा, हेही लिहिले गेले. याला तडजोड म्हणण्याची रीत आहे. पण 1790 च्या जनगणनेत ज्या सुमारे सात लाख माणसांची नोंद गुलाम म्हणून झाली, त्यांच्यापैकी त्या सभागृहात कोणी नव्हते.

17 सप्टेंबरला 39 जणांनी सह्या केल्या. व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन यांनी नकार दिला, कारण मसुद्यात नागरिकांच्या हक्कांची सनद नव्हती. घटना अमलात यायला नऊ राज्यांची मान्यता पुरेशी होती. घटनेचे समर्थक हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी ‘पब्लियस’ या टोपणनावाने 85 लेख लिहून तिची बाजू मांडली. विरोधकांचा हक्कांचा आग्रहही तितकाच चिवट होता. न्यूयॉर्कमध्ये मान्यता मिळाली ती 30 विरुद्ध 27 मतांनी. हक्कांच्या आश्वासनावरच अनेक मते वळली, आणि ते पाळले गेले: भाषण, धर्म, मुद्रण, ज्यूरीपुढील खटला यांचे रक्षण करणाऱ्या पहिल्या दहा दुरुस्त्या डिसेंबर 1791 मध्ये लागू झाल्या.

घटनाविरोधी कायदा रद्द करण्याचा न्यायालयाचा अधिकार मूळ मजकुरात स्पष्ट शब्दांत नाही. तो 1803 मध्ये मार्बरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी प्रस्थापित केला. मात्र याच न्यायालयाने 1857 मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाला दाद मागण्याचा हक्कही नाकारला. त्यानंतर चारच वर्षांत यादवी युद्ध पेटले. 1865 च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी 1873 मधला आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांनाच.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1833 च्या निकालानुसार हक्कांची सनद फक्त केंद्रीय सरकारला बांधत होती. राज्ये मोकळी होती. 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीने जन्माने नागरिकत्व दिले आणि कायद्याचे समान संरक्षण राज्यांवर बंधनकारक केले. तिच्या आधारे सनदेतला एकेक हक्क राज्यांना लागू व्हायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. फ्लोरिडाच्या तुरुंगातून क्लॅरेन्स गिडियन या कैद्याने पेन्सिलीने लिहून पाठवलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये निर्णय दिला, की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला राज्यानेही वकील दिलाच पाहिजे.