कसब्याची न्यायसभा आणि महजराची यादी

मराठेशाहींतील कसब्याच्या न्यायाविषयीं लिहिणारे बहुतेक लेखक ‘पंचायत’ या एका शब्दावर विषय संपवितात. पांच शहाणे पारावर बसले व तंटा तोंडी मोडला, असें जें चित्र त्यावरून उभें राहतें, तें अस्सल कागदांशीं जुळत नाहीं. कसब्याचें गोत ही अधिकारी व वतनदार यांची सभा होती, आणि तिचा निकाल लेखी असे.

अग्रवादी व पश्चिमवादी हीं पक्षकारांचीं नांवें वाचतांच धर्मशास्त्राच्या अभ्यासकास ओळख पटावी. प्रथम दोघांकडून राजीनामा, म्हणजे सभा सांगेल तें मान्य असल्याचा लेख, व वर्तणुकीचा जामीन घेत. (आज राजीनामा नोकरी सोडतांना देतात, तेव्हां तो न्याय मागतांना देत.) मग दोघांच्या तकरीरा, त्यांवर पुरसीस, कागद व भोगवटा यांची पाहणी आणि साक्षी, इतक्यानेंही उलगडा न झाल्यास दिव्य. मिताक्षरेंतील भाषा, उत्तर, क्रिया व साध्यसिद्धि हे व्यवहाराचे चार पादच येथें फारशी पोषाखांत उभे आहेत. स्थानिक गोताविषयीं संशय असल्यास वाद परस्थळीं नेतां येई.

निकालानंतर हरणाऱ्याकडून गुन्हेगारी व जिंकणाऱ्याकडून हरकी सरकारांत जमा होई. न्याय मिळालेल्यानेंही पैसे भरावे, हें आज विचित्र वाटेल; पण वसूल करून दिलेल्या ऋणाबद्दल ऋणकोकडून शेंकडा १० व धनकोकडून शेंकडा ५ राजानें घ्यावे, असें याज्ञवल्क्यानें सांगितलेलेंच आहे.

आमचें मुख्य म्हणणें निराळें आहे. एका स्थळीं राहणाऱ्या भिन्न जातींच्या व भिन्न वृत्तींच्या लोकांचा समूह तो पूग, असा अर्थ विज्ञानेश्वर देतो. कसब्याची सभा हा असा पूग होता, याचा पुरावा महजराच्या मजकुरांत नसून ‘हाजीर मजालस’ या यादींत व निशाण्यांत आहे. हवालदार, मुजुमदार, काजी, मग देशमुख, देशपांडे, पाटील, शेटे, महाजन, आणि त्यांच्या मागून बलुतेदार. पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, महाराचा विळादोर हीं सर्व एकाच कागदावर येतात. नकल करतांना मजकूर उतरून ‘पुढें नांवें’ एवढें लिहून थांबण्याची जी संवय आहे, तिनें न्यायसभाच गाळली जाते. वादीचा भाऊबंद सभेंत बसला होता कीं नाहीं, हें मग कशावरून पाहावें?

शिवाय या सभेला स्वतःचें दफ्तर नसे. निवाड्याचा कागद जिंकणाऱ्याच्या घरीं जाई, व हरलेला यजितखत लिहून देई तेंही त्यालाच. म्हणून जो पुरावा उरला तो बहुधा विजयी घराण्यांच्या रुमालांत. हरलेल्याची बाजू ऐकूं येते ती ज्या महजरांत दोन्ही तकरीरा सविस्तर उतरल्या आहेत त्यांतच. चार ओळींच्या यजितखतापेक्षां असा लांब महजर आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

१८१९ च्या अहवालांत एल्फिन्स्टनसाहेबानें पंचायतीचे गुणदोष दोन्ही नोंदविले. १८२७ च्या कायदेसंग्रहानंतर न्यायाचें काम सरकारी अदालतींकडे स्थिरावलें. तरीही वतनाचा हक्क शाबीत करण्यास उपयोगी म्हणून हे कागद घरोघर जपले गेले. परगणा व कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें, कनिष्ठ गांवकामगारांचीं १९५८ च्या व मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें गेली. तेव्हांपासून कागद जपण्याचें कारणच त्या घरांना उरलें नाहीं, आणि ते रद्दींत जाऊं लागले.

संग्राहकांनीं महजर हातीं येतांच यादी व निशाण्यांसह संपूर्ण उतरून घ्यावा. जोडांच्या पाठीवर शिक्के असतील तर तेही टिपावेत. एका खासगी संग्रहांत जोड उसवून निरनिराळ्या पाकिटांत ठेवलेला महजर आम्हीं पाहिला आहे. त्यांतील निशाण्यांचा तुकडा कोणत्या तंट्याचा, हें आतां सांगतां येत नाहीं.