तक्वीम-उस्-सेहत आणि व्यक्तीनुसार आहाराचा विचार

'हे माझ्या तब्येतीला मानवत नाही' असे आपण मराठीत सहज म्हणतो. 'तब्येत' आणि 'मिजाज' हे दोन्ही शब्द अरबीतून फारसी-उर्दूमार्गे मराठीत आले. आज मराठीत मिजाज म्हणजे तोरा. परंतु युनानी वैद्यकात मिजाज म्हणजे शरीरातील उष्ण, शीत, आर्द्र व शुष्क या गुणांचे मिश्रण होय. हे मिश्रण प्रत्येकाचे वेगळे, म्हणून प्रत्येकाचा आहारही वेगळा, हा त्या वैद्यकाचा मूळ सिद्धान्त. या विचाराचा एक महत्त्वाचा टप्पा आणि त्याची आजच्या पोषणशास्त्राशी तुलना प्रस्तुत लेखात केली आहे.

इब्न सीना (९८०–१०३७) याच्या 'अल्-कानून' या ग्रंथाचा प्रभाव असलेल्या वैद्यकपरंपरेत आरोग्य राखणारे सहा घटक मानले जातात : हवा, अन्नपाणी, शारीरिक हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व स्वस्थता, झोप व जागरण, आणि शरीरातील द्रव्यांचे धारण व उत्सर्जन. उर्दूत त्यांना 'अस्बाब-ए-सित्ता जरूरिया' म्हणतात. हेच घटक पायाभूत धरून अकराव्या शतकात बगदादचा ख्रिस्ती वैद्य इब्न बुतलान याने 'तक्वीम-उस्-सेहत' हा अरबी ग्रंथ रचला. 'तक्वीम' हा शब्द उर्दूत पंचांगासाठी वापरतात. ग्रंथाची मांडणीही ज्योतिषाच्या कोष्टकांसारखीच आहे. प्रत्येक पदार्थापुढे त्याचा गुण, उत्तम प्रकार, लाभ, अपाय आणि अपाय टाळण्याचा उपाय दिलेला आहे. शिवाय तो पदार्थ कोणत्या मिजाजाला, वयाला, ऋतूला व प्रदेशाला मानवतो, यासाठी स्वतंत्र रकाने आहेत. कोणताही पदार्थ स्वतःहून चांगला वा वाईट नसतो. खाणारा कोण, हे पाहूनच त्याचा निवाडा होतो, हा या मांडणीमागचा विचार आहे.

तेराव्या शतकात या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले. सिसिलीचा राजा मॅनफ्रेड (राज्यकाल १२५८–१२६६) याच्या दरबाराशी त्याचा संबंध जोडला जातो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीत त्याच्या सचित्र प्रती तयार झाल्या आणि १५३१ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे तो छापला गेला.

मात्र आपल्या पूर्वसूरींना सर्व काही ठाऊक होते, असा निष्कर्ष येथून काढणे योग्य होणार नाही. उष्ण-शीत गुणांचा सिद्धान्त आजच्या विज्ञानात टिकलेला नाही. टिकला तो प्रश्न : हा आहार कोणासाठी? त्याचे उत्तर आता प्रयोगशाळेतून येते. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूर येथे सुरू केलेले संशोधनकेंद्र १९५८ मध्ये हैदराबादला आले आणि १९६९ मध्ये त्याला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. या संस्थेची कोष्टकेही वय, लिंग, श्रम आणि गर्भारपण यांनुसार रकाने पाडतात.

त्यातील २०२० चे आकडे पाहावेत. बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला दिवसाला २११० किलोकॅलरी, तर स्त्रीला १६६० किलोकॅलरी ऊर्जा लागते. लोहाची शिफारस मात्र पुरुषाला १९ आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम आहे. मासिक पाळीत होणारा रक्तस्राव हे त्याचे मुख्य कारण. म्हणजे स्त्रीला अन्न सुमारे एक पंचमांशाने कमी, पण त्यातले लोह दीडपट हवे. 'बाईमाणसाला थोडे पुरते' म्हणून पोळीबरोबर डाळ-उसळ, पालेभाजी आणि मांसही कमी वाढले, तर हे गणित जुळणार कसे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. मुलांत हे प्रमाण ३१ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, तरी ताटाचा वाटा नाकारता येत नाही.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. शिफारस केलेले प्रमाण सुमारे ९७.५ टक्के निरोगी लोकांची गरज भागेल, अशा बेताने ठरवलेले असते. म्हणून ते कमी पडले की ती व्यक्ती कुपोषित, असे ठरत नाही. आणि आजारी माणसाला तर ते जसेच्या तसे लागूच होत नाही. कोष्टक समूहाचे असते, भूक आणि आजार एकेकाचे.

आपल्या वर्गात बसणाऱ्या मुली याच वयाच्या आहेत. वसतिगृहाच्या खानावळीचा आठवड्याचा बेत ठरवताना 'सर्वांना सारखे' एवढ्यावर आपण समाधान मानतो. इब्न बुतलानच्या कोष्टकातील गुण आज मागे पडले आहेत, पण 'कोणाला?' हा त्याचा रकाना त्या बेतात आजही भरायचा राहिला आहे.