कुलाबा : पनवेलचा हरवलेला मतदारसंघ

१९८१ साली बॅ. ए. आर. अंतुले मुख्यमंत्री असताना कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. लोकसभा मतदारसंघ मात्र २००८पर्यंत कुलाबाच राहिला. पनवेल त्यातच होतं.

१९५२ला इथून सी. डी. देशमुख निवडून आले. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ला त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. पुढच्याच निवडणुकीत शेकापचे राजाराम राऊत जिंकले. मग काँग्रेस विरुद्ध शेकाप हीच इथली लढत ठरली. जानेवारी १९८४ला सिडकोविरोधी आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. वर्षाअखेर देशभर काँग्रेसची लाट असूनही इथे दि. बा. पाटील निवडून आले.

नंतर १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ला अंतुले जिंकले. आगरी, कुणबी, कोळी, मराठा मतदारांनी एका कोकणी मुसलमानाला चारदा दिल्लीला पाठवलं.

पुनर्रचनेत पनवेल, उरण, कर्जत घाटापलीकडच्या पिंपरी-चिंचवडला जोडून मावळ मतदारसंघ झाला. २००९ला अंतुले रायगडमधून हरले. त्या आणि २०१४च्या निवडणुकीत महाराष्ट्रातून एकही मुस्लिम खासदार लोकसभेत गेला नाही. मतदारसंघाचा नकाशा पुन्हा आखता येतो, तो विश्वास कसा आखणार?